दप्तरातल्या भाषा

२०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे घराघरांतल्या जुन्या पेट्या उघडल्या जात होत्या. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांना कुणबी दाखले कसे द्यायचे, हे ठरवायला सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती. निजामाच्या काळातल्या एखाद्या कागदावर ‘कुणबी’ असा शब्द सापडला, तर पुढचा रस्ता सोपा होणार होता. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या घरीही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत लाल फडक्यात बांधलेले सात-आठ कागद होते. त्यातल्या एकावर गोल शिक्का होता, उजवीकडून डावीकडे गेलेल्या आठ-दहा ओळी होत्या आणि खाली कोपऱ्यात मोडीत सही.

घरात दोन पदवीधर, एक फार्मसीवाली. पण तो कागद कुणालाच वाचता येईना. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरून भाषांतर करून पाहिलं. हाताने लिहिलेली ती घसटी अक्षरं बघून त्यानेही काहीच्या बाही सांगितलं. शेवटी वडील म्हणाले, “चाचांकडे घेऊन जा.”

चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त उर्दू शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, “तगाई की पावती है, बेटा. विहिरीसाठी उचललेली. पूरी फेडली तुझ्या पणजोबांनी.”

“आणि साल?”

“तेराशे पन्नास.”

मी चमकलो. तेराशे पन्नास म्हणजे नामदेव महाराजांच्या समाधीचं साल! चाचा हसले. “फसली सन आहे ते. त्यात पाचशे नव्वद मिळव.” मिळवले. १९४० आलं.

त्या कागदावर ‘कुणबी’ नव्हतं. आमच्या कामाचा तो निघाला नाही. पण तो परत पेटीत ठेवताना एक गोष्ट मनात रुतून बसली. हा आमच्याच जमिनीचा कागद, आमच्याच माणसाने सही केलेला. अवघ्या चार पिढ्यांत तो आम्हाला परका झाला होता. त्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध चालली होती. लाखो घरांचा प्रश्न मूठभर माणसांच्या वाचनावर अटकला होता. शाळेत एखादी जास्तीची भाषा शिकून काय उपयोग, असं कुणी विचारलं की मला अजूनही ती पेटी आठवते.

पाठीवर फारसी

आपण शाळेत जाताना पाठीला जे अडकवायचो, त्या ‘दप्तरा’पासूनच सुरुवात करू. हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीच्याही मागे गेलं तर त्याचं मूळ ग्रीक भाषेत, कातडं या अर्थाच्या शब्दात सापडतं, कारण एके काळी लिहायला कातडं वापरत. दप्तरातला ‘कागद’ फारसी. ‘शाई’ फारसी, मूळ अर्थ काळेपणा. ‘हजेरी’ अरबी. गुरुजी हजेरी घेतात तेव्हा वर्गात तीन-चार देश उभे असतात. शेतात गेलात तरी तेच. ‘खरीप’ म्हणजे अरबीत शरद ऋतू, ‘रब्बी’ म्हणजे वसंत. ‘फसल’ म्हणजे पीक, आणि पिकाच्या हिशेबाने चालणारं म्हणून ते फसली सन. ‘तालुका’, ‘तहसील’, ‘वारस’, ‘हद्द’, ‘कब्जा’, ‘वकील’ हे शब्द कुणी आपल्याला शब्दकोशातून शिकवले नाहीत. बहामनी काळापासून दक्षिणेत सरकारी कारभार फारसीत चालला आणि कचेरीतले शब्द हळूहळू चुलीपर्यंत आले.

शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला तो याच पार्श्वभूमीवर. कारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना, मुख्यतः फारसी-अरबी शब्दांना, त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. स्वभाषेच्या अभिमानाचं उदाहरण म्हणून तो नेहमी सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातली एक साधी गोष्ट निसटते. असा कोश करणाऱ्याला दोन्ही भाषा पक्क्या याव्या लागतात. फारसी हटवायलासुद्धा आधी फारसी यावी लागते.

जमा, तफरीक, जरब, तकसीम

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधी तो परभणीचा भाग होता, आणि १९४८ पर्यंत परभणीसकट सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या संस्थानाच्या कारभाराची भाषा फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. कोर्ट, कचेरी, पोलीस ठाणं आणि वरच्या इयत्तांची शाळा, सगळं उर्दूत.

या संस्थानात राहत कोण होतं? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना बघितल्या तर साधारण निम्मी माणसं तेलुगू बोलणारी, पाव हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड आणि उर्दू. उर्दू मातृभाषा असलेले शंभरात दहा-बारा. म्हणजे राज्याची भाषा दहातल्या एकाची आणि बाकीच्या नऊ जणांनी ती शिकून घ्यायची.

एखाद्या कुणब्याच्या पोराचं काय होत असेल ते डोळ्यांपुढे आणा. घरी ‘बेरीज’ म्हणायचं, वर्गात ‘जमा’. वजाबाकीला ‘तफरीक’, गुणाकाराला ‘जरब’, भागाकाराला ‘तकसीम’. गणित अवघड होतं म्हणून पोरगं मागे पडलं की भाषा अवघड होती म्हणून, हे त्याला स्वतःलाही कळायचं नाही. बाप म्हणायचा, “नाही जमत तर राहू दे, ढोरं राख.” १९३१ च्या जनगणनेत संस्थानातली साक्षरता शंभरात जेमतेम पाचाच्या आसपास होती. याला गरिबी, शाळांचा दुष्काळ, जात अशी बरीच कारणं होती. पण परक्या भाषेची शाळा हे त्यातलं एक मोठं कारण होतंच.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. तोवर हिंदुस्थानातली विद्यापीठं इंग्रजीतून शिकवत होती. उस्मानियाने ठरवलं की विज्ञान, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी सगळं उर्दूतून शिकवायचं. पुस्तकं नव्हती, म्हणून भाषांतराचं एक खातंच उघडलं आणि जगभरातले शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. या कामाचे सुरुवातीचे प्रमुख मौलवी अब्दुल हक. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ बरीच वर्षं औरंगाबादला राहून काम करत होते. आपल्या देशी भाषेत शरीरशास्त्र शिकवता येतं, हे त्या काळात करून दाखवणं सोपं नव्हतं. आज इंजिनिअरिंग मराठीतून शिकवण्याची चर्चा आपण करतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी शेजारच्या शहरात घडलेला हा प्रयोग आपल्याला माहीत असायला हवा.

मग उस्मानिया चांगलं की वाईट? उर्दू ज्यांची मातृभाषा होती त्यांच्यासाठी ते दार होतं. ज्यांची नव्हती त्यांच्यासाठी तीच भाषा भिंत होती.

पुरजळचा वकील

या भिंतीला खिडकी पाडणाऱ्यांत एक माणूस आपल्या हिंगोलीचा होता. केशवराव कोरटकर. जन्म १८६७, गाव पुरजळ. तेव्हा ते वसमत तालुक्यात, परभणी जिल्ह्यात होतं, आज हिंगोली जिल्ह्यात आहे. गुलबर्ग्यात वकिली करून ते हैदराबादला गेले आणि पुढे तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कोर्टाची भाषा उर्दू. मराठी घरातल्या माणसाने त्या भाषेत नाव काढायचं म्हणजे कामचलाऊ उर्दूवर भागत नाही, ती मुरवावी लागते.

उर्दूत असं मुरलेल्या माणसाने पुढे काय केलं? १९०७ साली वामनराव नाईक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर हैदराबादेत ‘विवेकवर्धिनी’ ही मराठी मुलांची शाळा उभी केली. खाजगी शाळा उभी करणं तेव्हा काही हसतखेळत होणारं काम नव्हतं. कायदा कळणारा, अर्ज कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत करायचा हे जाणणारा माणूस त्या कामाला हवा होता. केशवराव १९३२ साली गेले. हैदराबादच्या नारायणगुड्यात त्यांच्या नावाची ‘केशव मेमोरियल’ संस्था आजही आहे. तिथून शिकून आयटीत गेलेल्या पोरांना हे केशव पुरजळचे, हे बहुधा ठाऊक नसेल. पुरजळच्या पोरांना तरी कुठे ठाऊक असतं!

मला या गोष्टीत हे महत्त्वाचं वाटतं: केशवरावांनी उर्दू शिकण्यासाठी मराठी सोडली नाही आणि मराठीवरच्या प्रेमापोटी उर्दू टाकली नाही. राज्याची भाषा हाताशी होती म्हणून घरच्या भाषेसाठी जागा करता आली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण याच विवेकवर्धिनीच्या थिएटरात नोव्हेंबर १९२१ मध्ये एक प्रसंग घडला, आणि तो आपण मराठी माणसं फारसा सांगत नाही. समाजसुधारणा परिषदेची सभा भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणं झाली, लोकांनी ती ऐकून घेतली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी हुर्यो उडवली. त्या राज्यात सर्वांत जास्त लोक बोलत होते ती भाषा! हुर्यो उडवणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते. आपल्या भाषेसाठी शाळा काढणाऱ्यांच्या छपराखालीच हे झालं. त्या रात्री चिडलेल्या तेलुगू मंडळींनी एकत्र येऊन ‘आंध्र जन संघम’ स्थापन केला आणि त्यातून पुढे तेलंगणातली मोठी चळवळ उभी राहिली.

आपल्या भाषेला कुणी हसलं की आपण पेटून उठतो. दुसऱ्याच्या भाषेला आपण हसतो ते मात्र लक्षात राहत नाही. ऐकायची सवय लागली की हसू आपोआप आवरतं, आणि ती सवय लावायची जागा शाळेसारखी दुसरी नाही.

दोन्ही काठ

याच संस्थानात ज्यांनी भिंतीचं दार करून घेतलं अशी आणखी दोन माणसं सांगतो.

सेतुमाधवराव पगडी, जन्म १९१०, निलंगा. निजामाच्या सरकारी नोकरीत होते. आदिलाबादकडे बदली झाली, तर गोंडांच्या वस्त्यांत फिरून गोंडी शिकले आणि त्यांच्याविषयी पुस्तक लिहिलं. गालिबच्या उर्दू गझला त्यांनी मराठी वाचकाच्या हातात दिल्या. पण इतिहासासाठी त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे फारसी साधनांचं. औरंगजेबाच्या दरबारातली बातमीपत्रं, मोगलांच्या नोकरीत राहून सगळं डोळ्यांनी बघणाऱ्या भीमसेन सक्सेनाचं लिखाण, असं कितीतरी त्यांनी मराठीत आणलं. मराठ्यांशी लढणारे मराठ्यांविषयी काय लिहीत होते, हे आपल्याला आपल्या भाषेत वाचता आलं ते यामुळे. आज शिवकाळावर रील करणारा प्रत्येक जण कळत-नकळत अशाच कुणाच्या तरी फारसीवर उभा असतो.

दुसरे पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. होय, पुढे पंतप्रधान झाले तेच. तेलुगू घरातला हा मुलगा उस्मानियात शिकत होता. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं, त्यात तोही होता. मग शिकायला नागपूर गाठलं. त्याची मराठी इतकी पक्की झाली की पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. १९२१ च्या सभेत तेलुगूची हुर्यो उडाली होती. त्याच तेलुगूतल्या एका माणसाने मराठी विधवेचं दुःख आपल्या लोकांपर्यंत पोहोचवलं. परतफेड करायची तर अशी करावी.

टाकून दिलेलं

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शाळा मराठी झाल्या, कारभार मराठी झाला. पोराला बेरीज ‘बेरीज’ म्हणून शिकता आली. माझ्या आजोबांच्या पिढीतली जी पोरं गावच्या शाळेत पहिल्यांदा टिकली, ती यामुळेच. या बदलाचं मोल कमी लेखायचं कारण नाही.

पण सक्ती गेली तिच्याबरोबर भाषाही गेली. रझाकारांच्या काळाची जखम ताजी होती, त्यामुळे उर्दू म्हणजे जुलमाची खूण असं अनेकांच्या मनात बसलं. ती सगळ्यांची सरकारी भाषा होती, ती आता ‘त्यांची’ झाली. हिंगोली, वसमत, कळमनुरीत उर्दू शाळा आजही आहेत, पण तिथे आमच्या आळीतलं पोरगं जात नाही. मोडीची गत तर आणखी वाईट. ती आपलीच होती, तिच्यावर कुणाचा रागही नव्हता, तरी गेली. आमच्या पणजोबांना उर्दू कळत होती, सही मोडीत येत होती, पंचमीला आणि आषाढीला ते मराठी अभंग म्हणत होते. त्यांच्या पणतवाच्या मोबाईलमध्ये शेकडो भाषा आहेत आणि घरची पावती वाचायला तो शेजारी जातो.

नरसीहून घुमानला

सक्तीशिवाय भाषा शिकता येते का? हिंगोलीत हा प्रश्न विचारायचा आणि कयाधूकाठच्या नरसीला जायचं नाही, असं कसं होईल? परंपरा सांगते की संत नामदेवांचं हे गाव. विठ्ठलाचं नाव घेत ते उत्तरेला गेले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे बरीच वर्षं राहिले. तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदं रचली. शिखांच्या ‘गुरू ग्रंथ साहिब’मध्ये नामदेवांच्या नावाची ६१ पदं आहेत. २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते या एका नात्यावर. आज पंजाबातून माणसं नरसीला येतात आणि त्यांना बाबा नामदेव परके वाटत नाहीत.

नामदेवांना तिथल्या लोकांशी बोलायचं होतं, म्हणून ते त्यांच्या भाषेत बोलले. त्यांनी मराठी सोडली असती तर अभंग राहिले नसते. दुसरी भाषा धरली नसती तर ती ६१ पदं झाली नसती.

आता आपल्या वर्गात

१६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. राज्यभर गदारोळ झाला. १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. त्या दिवसांत माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज यायचे. एकात जास्तीची भाषा म्हणजे मराठीवर घाला, दुसऱ्यात विरोध करणारे मागासलेले. मला वाटतं, मराठवाड्याच्या माणसाने या वादात आपली आठवण काढावी. सहा वर्षांच्या पोराच्या पायाखालची भाषा काढून दुसरी दिली की काय होतं, ते आपल्या पणजोबांनी भोगलंय. आणि नंतर दुसरी भाषा पार टाकून दिली की काय होतं, ते आपण पेटी उघडून पाहिलंय.

वाट या दोन्हींच्या मधून जाते. आधी घरची भाषा पक्की, मग तिच्या खांद्यावर दुसरी, तिसरी. ती तिसरी कोणती, हे ठरवताना शिकणाऱ्यालाही विचारावं. २०२० मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी गाजली होती. मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? बऱ्याच जणांनी जपानी सांगितली. का, तर त्यांना रोबोट बनवायचे होते! आणि त्या खेड्यात ऑनलाइन वर्गातून जपानी सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक शाळेत जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन अशा भाषांची सोय सुचवली आहे. ती सोय शहरातल्या महागड्या शाळांपुरती राहिली तर पुन्हा तेच होईल: भाषा काहींना दार, बाकीच्यांना भिंत.

एवढं बोलून आपल्याच जिल्ह्याकडे पाहायला हवं. सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यावरचं बंजारा पोरगं पहिलीत येतं तेव्हा घरून गोरमाटी घेऊन येतं. त्याच्यासाठी मराठी हीच नवी भाषा असते. ते चुकीचं मराठी बोललं की वर्गात हशा पिकतो. विवेकवर्धिनीच्या थिएटरातला हशा तो हाच. त्याच्या तोंडची चार वाक्यं बाकीच्या पोरांनी शिकली, तर बहुभाषिक शिक्षणाची सुरुवात तिथेच झाली म्हणायची, फुकटात.

मी पुढच्या उन्हाळ्यात चाचांकडे जाऊन अलिफ-बे शिकायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी अर्धा तास. ते माझं ‘काफ’ तपासतात, मी त्यांच्या नातवाला मराठीचा दहावीचा पेपर समजावतो. तीन महिन्यांनी मी ती पावती स्वतः वाचली. अडखळत, बोट ठेवत, पण वाचली. ‘तगाई’ वाचता आलं, ‘बावली’ म्हणजे विहीर हे कळलं, आणि पणजोबांचं नाव उर्दूत कसं दिसतं ते पाहिलं.

खालची मोडी सही अजून वाचता येत नाही. तिच्यासाठी एक वही आणून ठेवली आहे.